घरमालकांचं पॅकेज

आमच्या भोसरीच्या घरमालकांइतकं घोषणांवर प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दहा खोल्यांचे ते मालक, मूळ भोसरी गावातलेच, राहायला वरच्या मजल्यावर. घरात मीठ संपलं तरी ते उभं राहून, घसा खाकरून सांगायचे. करोनात टाळेबंदी लागली आणि टीव्हीवर सरकार रोज काहीतरी जाहीर करू लागलं: करांना मुदतवाढ, हप्त्यांना सवलत, छोट्या कारखान्यांना विनातारण कर्ज. मालक मान डोलावत ऐकायचे. एवढं सगळं जाहीर होतंय आणि आपण नुसते ऐकतोय, ही त्यांची खंत.

खाली आम्हा भाडेकरूंची अवस्था बिकट होती. वर्कशॉप बंद, पगार बंद. शेजारच्या खोलीतला परभणीचा वेल्डर तर पायी गावाकडे निघायचं म्हणत होता. भाडं मागायला मालक येतील म्हणून आम्ही दारं लावून बसायचो. एका संध्याकाळी ते गणेश मंडळाचा भोंगा घेऊन थेट गॅलरीत आले. आम्ही खाली अंतर राखून जमलो.

"भाडेकरू बंधूंनो, भाड्याला सवलत जाहीर करन्यात येत हाय."

वेल्डरने विचारलं, "मालक, सवलत म्हंजे माफ, का नुसतं पुढं ढकलायलाव?"

मालक गडबडले. "तज्ज्ञांशी चर्चा करून सांगतो," म्हणत आत गेले. भोंगा चालूच राहिल्यामुळे ती चर्चा अख्ख्या गल्लीने ऐकली. मालकीणबाई म्हणत होत्या, "पोरं उपाशी हायती आन् तुमी भाषनं ठोकताय व्हय? माफ म्हना की सरळ."

मालक बाहेर आले. "सखोल विचारांती, माफ."

वेल्डर गावाकडे न जाता राहिला. पुढे पॅकेजचे टप्पे सुरू झाले. दुसऱ्यात ज्वारीचं पीठ, तिसऱ्यात परसातली वांगी. अट एकच, "वांगं किडकं निघालं तर लाभार्थ्यानं तक्रार करू न्हाई." आमचं भाडं हेच त्यांचं उत्पन्न होतं, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं. सरकारकडून तुम्हाला काय मिळालं, असं मी विचारलं तेव्हा ते ऐटीत म्हणाले, "आमी उद्योगात बी बसत न्हाई, कामगारात बी न्हाई."

कंपन्या सुरू झाल्या. पहिल्या पगारातून भाडं घेऊन मी वर गेलो. मालकांनी ते न मोजताच खिशात ठेवलं.

"आता समदे शिफ्टला जानार तुमी."

"व्हय मालक. पण संध्याकाळी मी असेन खाली."

"एकट्याला काय जाहीर करनार?" ते हळूच म्हणाले, आणि मला बसायला सांगून चहा टाकायला स्वतःच आत गेले.