पाय धुण्याचा कार्यक्रम

परदेशातून पाहुणे येणार म्हटलं की आमच्या मिशनच्या प्राथमिक शाळेचं पार लग्नघर होतं. मी तिथं नोकरीला नाही. निवृत्तीनंतर आठवड्यातून दोनदा जुळे सोलापुरातून रिक्षा करून जाते आणि लहान वर्गांना इंग्रजी गोष्टी वाचून दाखवते. पाहुणे आले की मुख्याध्यापिका मलाच दुभाषी म्हणून पुढं करतात. मी स्वतः ख्रिस्ती, आजोबांपासूनची. म्हणूनच सांगते, या वर्षी जे बघितलं त्याची मला अजून शिसारी येते.

पाहुण्यांची भिंत रंगवून झाली. गेल्या साली आलेल्यांनी रंगवलेलीच भिंत, पण असो. गाणी झाली, फुगे झाले. शेवटच्या दिवशी पाय धुण्याचा कार्यक्रम होता. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तसे हे मुलांचे धुणार आणि प्रत्येकाला नवे बूट घालणार. कल्पनेत वाईट काही नाही. आमच्या चर्चमध्येही गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी पाळक पाय धुतात, पण म्हाताऱ्यांचे. नखं वाढलेले, मलमाचा वास मारणारे पाय. तिथं फोटो काढायचं कुणाच्या मनातही येत नाही.

मुख्याध्यापिकांनी आदल्या दिवशी वर्गावर्गात निरोप दिला. उद्या चपला घालून यायचं नाही, आणि आयांनी बघायला यायचं. आता पाहुणे लेकराच्या पायाला हात लावणार म्हटल्यावर आमच्याकडच्या आया गप्प बसतील होय? प्रत्येकीनं सकाळी वजरीनं घासघासून पोरांचे पाय धुतले, वर खोबरेल लावलं. तेलुगू घरांतल्या मुलींच्या पायांना तर हळदही होती. मळू नयेत म्हणून कितीतरी जणींनी एवढाली पोरं कडेवर उचलून वर्गाच्या दारात आणून सोडली.

ते चकचकीत पाय बघून पाहुण्यांच्या पुढारीण बाईंचा चेहराच पडला. त्यांच्यातला फोटोवाला म्हणाला, यात काही दिसणारच नाही. मग बाई माझ्याकडं वळून लाडिक आवाजात म्हणाल्या, "मुलांना जरा मैदानात खेळू द्या ना. पाणी मळलेलं दिसलं तर आमच्याकडच्या लोकांना कळेल, आम्ही इथं काय करतो ते."

मला वाटलं, ही चेष्टा करतीय. कसली चेष्टा! मुख्याध्यापिका लगेच म्हणाल्या, "त्यात काय एवढं? पोरं मातीत खेळतातच की."

फेब्रुवारी संपत आलेला, दुपारची वेळ, मैदान तव्यासारखं तापलेलं. चटके बसायला लागले तशी पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारायला लागली. पाहुण्यांना वाटलं नाचतायत, त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. व्हरांड्यात उभ्या आया एकमेकींकडं बघत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पहिलीतली एक मुलगी तेवढी बाहेर गेली नाही. निरोप मोडून ती गुलाबी सँडल घालून आली होती. वाढदिवसाला घेतलेले, नवे कोरे. शेवटच्या बाकाखाली पाय लपवून बसली होती. बाकीची पोरं मळक्या पायांनी आत आल्यावर पुढारीण बाईंनी आधी तिलाच उचलून पाण्याच्या टबापुढच्या छोट्या खुर्चीत बसवलं आणि सँडलच्या बक्कलला हात घातला. पोरीनं पाय आखडून घेतला.

"मला हायत की! मला नको दुसरे!"

मी इंग्रजीत सांगितलं, तिच्याकडं आहेत, तिला काढायचे नाहीत. बाई म्हणाल्या, "बिचारी, लाजते." आणि त्यांनी बक्कल काढलंच. पोरीनं भोकाड पसरलं, नाक-डोळे एक झाले. तसा फोटोवाला गुडघ्यावर बसून तिच्या तोंडाजवळ सरकला, हरखून. शी! इतकी किळस मला आयुष्यात कशाची आली नाही. मी त्याचा कॅमेरा हातानं बाजूला ढकलला.

"अहो, काय करताय!" मुख्याध्यापिका ओरडल्या. मला.

तेवढ्यात व्हरांड्यातून मुलीची आई आत आली. टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून घड्या घालते, अर्धी रजा टाकून आलेली. आरडाओरडा काही नाही. तिनं पदरानं लेकीचं नाक पुसलं, सँडल परत चढवला, बक्कल लावलं आणि तिला खाली उतरवलं. मग स्वतःच त्या छोट्या खुर्चीत बसली आणि आपला पाय टबात ठेवला. टाचेला काळ्या भेगा, अंगठ्याचं नख फुटलेलं.

"हिचं पाय मी सकाळीच धुतल्यात," ती म्हणाली. "ह्ये घान हायत. ह्ये धुवा."

मी शब्दन्‌शब्द सांगितला. पुढारीण बाईंचं हसू तोंडावरच राहिलं, हात मात्र मागं गेले. त्यांनी फोटोवाल्याकडं बघितलं. तो कॅमेऱ्याचं झाकण लावत होता. मग माझ्याजवळ सरकून त्यांनी हळूच विचारलं, हातमोजे मिळतील का?

"काय म्हणतीया?" आईनं मला विचारलं.

मुख्याध्यापिका मागून हातानं खुणावत होत्या, सांगू नका, सांगू नका. मी सांगितलं, व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल असं.

आई हसली. सावकाश पाय बाहेर काढला, फरशीवर ठेवला आणि लेकीचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली. "पानी हाय आमच्या घरी."