सरड्याची मान

आळेफाट्याच्या ज्योतिबा शिंगाड्यानं सारी उमर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्यात घातली. अठ्ठ्याण्णव साली गणपतीला मंडळानं त्याला देखाव्यासाठी त्या साली गाजलेल्या सिनेमातला अक्राळविक्राळ सरडा करायला सांगितला. दोन मजली, मान वर उचलणारा.

ज्योतिबानं मानेला ट्रॉलीचाच जॅक लावला. तो जॅक तेलाच्या जोरावर वर जातो, पण खाली येतो तो मालाच्या वजनानं. तिथंच गडी चुकला. डोकं त्यानं बांबू आन् स्पंजाचं, लई हलकं केलं व्हतं.

सांजच्याला चौकात चाचणी झाली. मान वर गेली, शिट्ट्या वाजल्या. मग जॅकचा दांडा सोडला, तरी मान खाली येईना. वारा सुटला तसं डोकं डुलत विजेच्या तारेकडं झुकू लागलं. मानेसकट सांगाडा लोखंडाचा, आन् त्याला खेटून पोरंबाळं उभी.

"लाईट बंद करायला माणूस धाडलाय," अध्यक्ष सयाजी म्हणाला.

"तो पोचंस्तवर हे तारेला मुका देईल, राव. माणसं मागं घ्या!" म्हणत ज्योतिबा मानेवर चढला.

"अवो, उतरा खाली! ह्या वयात माकडचाळे कशाला?" बायको पुष्पा किंचाळली.

तो सरपटत जबड्यापाशी पोचला. तार हातभरच लांब व्हती. त्याच्या वजनानं जॅकमधलं तेल माघारी फिरलं आन् मान हळूहळू खाली बसली.

लोकांनी टाळ्या पिटल्या. ज्योतिबा मातर जबड्यातच बसून राहिला.

"उतरा की आता, भाऊ," सयाजी म्हणाला.

"आधी वाळूची पोती आणून हितं बांधा. म्या उतरलो की तुमच्यातलाच कुणी हौशी परत दांडा वढणार."