निता मॅडमनी सांगितलेला नाताळ

निता आडे अकोल्याकडच्या मालेगावच्या एका इंग्रजी शाळेत केजीच्या वर्गाला शिकवायची. मेडशीजवळच्या तांड्यावरून सकाळची एसटी धरायची, बहुतेक उभ्यानंच यायचं आणि शाळेत पोचल्यावर साडीवरची धूळ झटकून ‘गुड मॉर्निंग चिल्ड्रन’ म्हणायचं.

तिचे आईबाप, रामीबाई आणि अमरसिंग, पूर्वी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. पोरीला सोबत नेलं तर तिची शाळा सुटेल, म्हणून अमरसिंगनं तिला लहानपणीच अकोल्याला ख्रिस्ती सिस्टर लोकांच्या वसतिगृहात ठेवलं. दहावीपर्यंत ती तिथंच वाढली. तिथल्या नाताळच्या नाटकात ती एकदा मेंढपाळ झाली, एकदा देवदूत. मरियेचं काम काही मिळालं नाही, कारण ती ताडमाड उंच होती. सुटीत घरी आली की याडीबरोबर, म्हणजे आईबरोबर, पोहरादेवीला जाऊन नारळ फोडायची. या दोन गोष्टींचं एकमेकींशी काही भांडण असतं, हे तिला कधी सुचलंही नाही.

तिच्या शाळेतला नाताळ वेगळा होता. कापसाची दाढी, लाल टोप्या, क्रीमचा केक आणि फोटो. शाळा हुकूमचंद शेठजींची. त्यांची सून रुचिका मुख्याध्यापिका होती. पालकांना फोटो आवडतात, पुढच्या वर्षीचे प्रवेश वाढतात, असं तिचं सरळ गणित. त्या डिसेंबरात टोप्या कापता कापता रिंकू नावाच्या चिमुरडीनं विचारलं, “मॅडम, सांताचा हॅपी बर्थडे हाये का?”

“नाई बेटा.”

“मंग कोनाचा हाये?”

वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. निता मधल्या सुटीत रुचिका मॅडमकडे गेली. “मुलांना या दिवसाचा अर्थ सांगू का? गोष्टीसारखा?”

रुचिका मोबाइलवर काही लिहीत होती. “सांगा ना, छानच. फक्त स्टेज डेकोरेशन वेळेत झालं पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी निता घरून पिशवीभर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, घेऊन आली. बुटांच्या खोक्याचा गोठा केला, त्यात कुटार पसरलं, रुमालाची गुंडाळी करून बाळ ठेवलं. मुलं भोवती कोंडाळं करून बसली. तिनं इंग्रजी सोडलं आणि मुलांच्याच बोलीत सुरू केलं.

“एक बाई होती, मरिया. तिले बाळ होनार होतं. तिचा नवरा जोसेफ सुतार होता. दोघं लई दुरून, पायी पायी आले. रात झाली. ज्या दारावर गेले तिथं लोक म्हनले, जागा नाई.”

“दवाखान्यात काहून नाई गेले?” रिंकूनं विचारलं.

“नव्हता दवाखाना. मंग एकानं ढोराचा गोठा दाखवला. तिथंच बाळ झालं. येशू नाव ठेवलं त्याचं. अन् त्याले पाह्यले पयले कोन आलं? राजा? शेठ? नाई. रानात मेंढरं राखनारे आले. ज्याइले कोनी घरात घेत नाई ते.”

मग बोलता बोलता तिनं स्वतःच्या भावाचं सांगितलं. राजपालही असाच झाला होता. साखर कारखान्याजवळ, उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बैलांच्या शेजारी. गावात कुणी पडवीसुद्धा दिली नव्हती. मुलं तोंड उघडी टाकून ऐकत राहिली.

“मंग नाताळ म्हंजे काय?” तिनं शेवटी विचारलं आणि स्वतःच सांगितलं, “जो भाईर उभा हाये, त्याले म्हनायचं, ये, बस. जागा हाये.”

पुढच्या बाकावर मयंक बसला होता. रुचिका मॅडमचा मुलगा, शेठजींचा नातू. एरवी सगळ्यांत चुळबुळ्या. त्या दिवशी तो उठून गोठ्याजवळ गेला आणि रुमालाच्या बाळाच्या अंगावर कुटार नीट सारखं करून आला. आपल्याला शिकवता येतं, असं त्या दुपारी निताला वाटलं.

त्याच संध्याकाळी शेठजींच्या घरी मयंकच्या आत्याला, नीलमला, पाहायला खामगावची मंडळी आली होती. घरात धुण्याभांड्याला वच्छला होती, निताच्याच तांड्यातली. कपबश्या विसळून झाल्यावर ती रोजच्यासारखी मागच्या दाराच्या पायरीवर आपला स्टीलचा पेला घेऊन चहा पीत बसली होती. मयंकनं तिला पाहिलं. हात धरून ओढत ओढत थेट बैठकीत आणलं आणि सोफ्यावरच्या पाहुण्यांना म्हणाला, “सरका ना थोडं. वच्छलामावशीला जागा द्या. ती बाहेर बसते.”

वच्छला गांगरली. पोरगं हात सोडेना, म्हणून ती क्षणभर सोफ्याच्या कडेला टेकली. पाहुणे हसले. एक बाई तर म्हणाली, “किती गुणी आहे हो!” पण मयंकची आजी अंगुरीबाई हसली नाही, आणि रुचिकाही नाही. पाहुणे गेल्यावर मयंकला विचारलं, हे कुणी शिकवलं. त्यानं खुशीत सांगितलं, “निता मॅडमनी. येशूच्या गोष्टीत आहे.”

सकाळी वच्छलाला दारातूनच सांगितलं, आजपासून येऊ नको.

त्या दिवशी शाळेत कार्यक्रम झाला. सांता नाचला, केक कापला, फोटो निघाले. निताला काहीच माहीत नव्हतं; वच्छलानं तांड्यावर कुणाला काही सांगितलं नव्हतं. सुटी संपवून ती शाळेत आली तेव्हा ऑफिसात शेठजी, रुचिका आणि पालक म्हणवणारे काही पुरुष बसलेले. त्यातल्या एकाचंही मूल तिच्या वर्गात नव्हतं. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की केजीत लेकरांचं धर्मांतर चाललं आहे, आणि बाई सिस्टर लोकांत वाढलेली आहे.

“मी मॅडमला विचारलं होतं,” निता म्हणाली.

रुचिकानं मान वर केली नाही. “सेलिब्रेशनबद्दल विचारलं होतं तुम्ही.”

“शेठजी, मी पोहरादेवीले जातो दरसाल. माह्या घरी सेवालाल महाराजांचा फोटो हाये. याइले घेऊन चला तांड्यावर, पाहू द्या.” घाबरली की तिची शाळेतली भाषा सुटायची.

शेठजी आवाज न चढवता बोलले. “बेटी, आम्हाला ठाऊक आहे. पण शाळा चालवायची आहे. तू असं कर, आज मुलांना सांगून टाक की ती गोष्ट खोटी होती. विषय संपला.”

सोफ्याबद्दल, पायरीबद्दल तिथं कुणी अक्षर काढलं नाही.

सन्मती मॅडम शेजारचा वर्ग घ्यायच्या. नळावर हात धुताना त्या निताला हळूच म्हणाल्या, “मी दारातून ऐकली होती तुझी गोष्ट. काय वाईट होतं गं त्यात? मयंकनं वच्छलाला पाहुण्यांत सोफ्यावर बसवलं, तिचं काम गेलं म्हणे, तिथून हे सगळं.” हेच त्या ऑफिसात म्हणाल्या असत्या तर, असं निताच्या ओठांवर आलं होतं. तिनं नळ बंद केला. सन्मतीलाही घर चालवायचं होतं.

रुचिका वर्गाच्या दारात उभी राहिली आणि निता मुलांना म्हणाली, “ती गोठ्याची गोष्ट खरी नव्हती. विसरून जा.”

“मंग ते बाळ?” रिंकूनं विचारलं.

“नव्हतंच बाळ.”

मयंक खाली मान घालून बसला होता. त्यानं डोळे पुसले तेव्हा रुचिका वळून निघून गेली.

संध्याकाळी निता तांड्यावर उतरली तर वच्छला तिच्या अंगणात बसलेली.

“काकी, मले आताच समजलं...”

“काय समजलं तुले? अकरा वर्सं त्या पायरीवर चहा पेली मी. कोनाले म्हनली का, मले आत बसवा? मले जागा नोती पाह्यजे, निते. काम पाह्यजे होतं. तुया गोष्टीपायी गेलं ते.”

“मी तुयासाठी नोती सांगतली काकी. लेकराइले सांगतली.”

“लेकरं घरी जातात ना!” वच्छला उठली. “शिकेल मानसाले एवढं समजू नये?”

वयामुळे ऊसतोड सोडलेला अमरसिंग ओट्यावरून सगळं ऐकत होता. ती गेल्यावर नितानं शाळेतलं सगळं सांगितलं, तेव्हा तो एवढंच बोलला, “खोटी हाये म्हनली तू?”

“हो बा.”

“तुहा भाऊ कोपीत झाला, ते बी खोटं का?”

नितानं चूल पेटवायला घेतली आणि धुराच्या निमित्तानं रडून घेतलं.

जानेवारीत वच्छला सुनेबरोबर उशिराच्या टोळीत ऊसतोडीला गेली. एप्रिलमध्ये शाळेनं निताला कळवलं की पुढच्या वर्षी गरज नाही. गोष्ट खोटी म्हणूनही नोकरी गेली, याचा तिला राग आला नाही. ती खोटी म्हटली याचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

जूनमध्ये आसेगावकडच्या एका शाळेत तिला विचारलं, आधीची नोकरी का सोडली. तब्येत बरी नव्हती, असं तिनं सांगितलं. तिथं ती आता दुसरीला शिकवते. शेवटच्या तासाला मुलं गोष्टीसाठी गलका करतात. ती फळ्यावर छडी आपटते आणि पाढे म्हणायला लावते.