दोन्ही बाजूंची मावशी

रत्नामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबडला कारखान्यात होतो. मशिनच्या आवाजात बहिणीचं बोलणं कळेना, म्हणून बाहेर आलो. "सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसून प्रार्थना करत होती... तशीच गेली रे." त्याला आता दीड महिना होईल. मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती, लग्न केलं नाही. आमच्या चर्चमध्ये उपदेश पाळकसाहेब करायचे, पण घरात आजारपण आलं, भांडण झालं, की लोक आधी मावशीचं दार वाजवायचे. "मी काय पाळक आहे?" असं म्हणत ती पायात चपला सरकवायची.

आम्ही मानतो, की देव आणि माणूस यांच्यातला मध्यस्थ एकच, ख्रिस्त. आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारा प्रत्येक जण याजक, म्हणजे दुसऱ्यासाठी देवापुढे उभा राहणारा. लहानपणी रविवारच्या शाळेत हे पाठ केलं होतं. अर्थ कळला तो मात्र दत्तूच्या हातामुळे.

दत्तू निफाडकडचा, माझ्या हाताखाली प्रेस मशिनवर होता. माल वेळेत निघावा म्हणून मीच त्याला मशिनचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी, काढायला लावलं, आणि त्याची दोन बोटं गेली. चौकशीत मी लिहून दिलं, की गार्ड त्याने आपल्या मनाने काढलं होतं. काही दिवस हे कुणाला सांगितलं नाही. शेवटी मावशीला सगळं सांगितलं आणि म्हणालो, "माझ्यासाठी प्रार्थना कर." ती म्हणाली, "करते की. पण मधे उभं राहायचं तर दोन्हीकडचं ऐकावं लागतं, सॅमू. त्या दत्तूचं मी कुठे ऐकलंय? उद्या निफाडला जाऊ."

दत्तूची आई दारातच उभी राहिली. "आता कशाला आले, साहेब?" मावशी पुढे झाली. "मी याची मावशी. आधी हात बघू द्या, मग आम्हाला हाकला." तिने जखम बघितली, पट्टी बदलली, आणि दत्तूशेजारीच बाजेवर बसली. मला वाटलं होतं, ती माझी बाजू मांडेल. ती एक अक्षर बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग मीच म्हणालो, "गार्ड मी काढायला लावलं. कागदावर खोटं लिहिलं..." दत्तूने मान फिरवली. "लय उशीर केला, साहेब," एवढंच म्हणाला. परतताना एसटीत मावशीने माझा हात धरला. "आता मला तुमच्या दोघांसाठी मागता येईल."

दुसऱ्या दिवशी मी खरं लिहून दिलं. सुपरवायझरचं पद गेलं, पुन्हा मशिनवर आलो. दत्तूवरचा ठपका गेला. भरपाई मिळाली, स्टोअरमध्ये काम मिळालं. माफ केलं असं तो कधी म्हणाला नाही. पण वर्षभराने त्याच्या गावाकडची द्राक्षं निघाली, तेव्हा एक पेटी मावशीकडे पोहोचवली आणि जाताना माझ्या घरीही एक ठेवून गेला.

मावशीच्या मातीला तो आईला घेऊन आला होता. लोक पांगू लागल्यावर माझ्याजवळ येऊन थांबला. "बहिणीचं बाळंतपण आलंय, डॉक्टर अवघड म्हणतात. मावशीलाच सांगणार होतो... आता कोणाला सांगू?" पाळकसाहेब समोरच होते, त्यांच्याकडे बोट दाखवणं सोपं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "मला सांग. नाव काय तिचं?"

"कमल."

दुसऱ्यासाठी मोठ्याने प्रार्थना मी आयुष्यात कधी केली नव्हती. तिथेच, ओल्या मातीशेजारी, अडखळत केली. दत्तूच्या आईने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत दत्तू धावतच आला. "मुलगी झाली, सॅमूभाऊ! दोघी बऱ्या हायेत." ‘साहेब’चा ‘सॅमूभाऊ’ कधी झाला, दोघांनाही कळलं नाही. मी देवाचे आभार मानत होतो, तोवर त्याने डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली. "आता आमच्या शेजारच्या आजोबांचं नाव लक्षात ठेवा. त्यांना लय दम लागतो..."