निळा गेला आणि किल्लीवर आलं

समुद्रपूरच्या आमच्या वस्तीत लहानूजी ताकसांडे कुठे येऊन गेले हे कोणाला विचारावं लागत नाही. तिथला पंखा बंद असतो. वीज कंपनीत लाइनमन म्हणून जन्म गेला. आता निवृत्त झाले, पण बोटं अजून ड्युटीवर आहेत. एका लग्नात नवरदेव फोटोसाठी उठला, तर यांनी त्याच्यामागचा कूलर बंद करून टाकला. घरी सुलोचनाबाईंशी त्यांचं एकच भांडण आहे आणि ते फ्रीजवरून आहे.

"रात्री त्यातलं कोन खाते? मंग काऊन चालू ठेवतं?"

"तुमी झोपल्यावर श्वास बंद ठेवता का?" बाई विचारतात.

ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, तिथे काटकसरीविरुद्ध बोलणाऱ्याकडेच लोक संशयानं बघतात. त्यामुळे लहानूजींना कोणी अडवलं नाही. उलट बुद्धविहारामागच्या अभ्यासिकेची किल्ली विहाराच्या समितीनं त्यांनाच दिली. उजाडायच्या आत उघडायची, संध्याकाळची वंदना झाली की बंद करायची. पगार नाही, मान आहे. घरी निवृत्त माणसाला चहाही सावकाश मिळतो. इथे भरतीची तयारी करणारी पोरं सायकली लावून "बाबाजी, या जी लवकर" म्हणत उभी असतात. ती किल्ली गेली तर हा माणूस दिवसभर काय करेल, याची सगळ्यात जास्त धास्ती सुलोचनाबाईंना.

मग अभ्यासिकेत प्रिंटर आला. शाईच्या टाक्यांचा, रंगीत. वस्तीतला नागसेन नागपुरात चांगल्या नोकरीवर आहे, त्यानं दिला. प्रिंटरला हार घातला, भाषणं झाली, भाषणांचे फोटो त्याच प्रिंटरवर काढून भिंतीला लावले. चालवायचं काम जागृतीकडे आलं. ती तिथेच अभ्यास करते आणि मशीनला घाबरत नाही.

बंद करायचं काम अर्थातच लहानूजींकडे. ते बोर्डाजवळ जात आणि मेन स्विच खाली ओढत. खटकन. मशीन त्या वेळी कुरकुरतंय की कागद गिळतंय, हे बघायची आपल्याकडे पद्धत नाही. टीव्ही, मोटार, चार्जर, सगळं बोर्डावरून बंद होतं. वस्तूच्या अंगावर जे बटन असतं, ते आपण शोभेचं समजतो.

उन्हाळा लागला. आमच्या उन्हाळ्यात वाळवणाला राखण लागत नाही, चिमणी यायच्या आत पापड वाळलेला असतो. बुद्ध पौर्णिमेची पत्रकं काढायला जागृतीनं कागद घातला. वर पंचशील ध्वज होता. कागद बाहेर आला तर निळा पट्टा गुलाबी.

आमच्या वस्तीत कशाचंही काही होऊ द्या, निळ्याचं झालेलं चालत नाही. तासाभरात समिती जमली. अध्यक्ष विवेक सर शाळेत शिकवतात, म्हणून त्यांना सगळं आधीच माहीत असतं. त्यांनी शाई डुप्लिकेट असल्याचं जाहीर केलं. समितीतल्याच अण्णाजींनी आवाज खाली आणला.

"मले यात कोनाचा तरी हात दिसून राह्यला."

"प्रिंटरमधे?" जागृतीनं विचारलं.

"तुले राजकारन समजत नाई, पोरी. आज निळा काढला, उद्या काय काढतीन?"

राजकारण तिला समजलं नाही, म्हणून तिनं तिसरीतल्या पोरांना बोलावून स्केचपेननं गुलाबी पट्टे निळे करून घेतले. पत्रकं वाटली गेली. भाषणात मात्र श्रेय समितीच्या अथक परिश्रमांना.

नंतर हिंगणघाटहून अंकित नावाचा मेकॅनिक आला. झाकण उघडलं, वाकून बघितलं आणि विचारलं, "बंद कसा करता?"

"बोर्डावरून," सगळे एका सुरात म्हणाले. समितीचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अंकितनं सांगितलं ते सोपं होतं. शाई सोडणारं हेड छापताना इकडून तिकडे पळतं. प्रिंटरचं स्वतःचं बटन दाबलं की ते कोपऱ्यात जाऊन टोपण लावून बसतं. मधेच करंट तोडला तर जिथे आहे तिथेच, उघड्या तोंडानं राहतं, आणि या उन्हात शाई आतच सुकते.

"मंग चालूच ठेवा ना सदा," अण्णाजी म्हणाले.

"ठेवा. जास्त करंट नाई खात, झोपून राह्यते. घडीघडी चालू-बंद केला तर तोंड धुण्यातच शाई संपवते. पन तुमच्याकडं लाइनच घडीघडी जाते. मंग रात्री बटनानं बंद करा. फक्त मधेच गळा दाबू नका."

त्यानं हेड धुतलं, निळा परत आणला आणि गेला. मग सगळे लहानूजींकडे बघू लागले. जे काल शाईवाल्याला आणि विरोधकांना शिव्या देत होते, त्यांना घरचाच गुन्हेगार मिळाला होता. असा आनंद समितीला वर्षातून एखादवेळीच होतो. विवेक सरांनी रविवारी बैठक ठेवली. विषय एकच: किल्ली काढून घेणे.

लहानूजी पेटले. "जन्मभर लाइन सांभाळली म्या. आता या डब्ब्याची परवानगी घेऊन बटन बंद करू?"

जागृती टेबल पुसत होती. "बाबाजी, पोलवर मानूस चढला असताना, त्याले न विचारता, तुमी कधी स्विचले हात लावला का?"

"लावीन का मी? तो उतरून सांगत नाई तोपर्यंत हातच नाई लावाचा."

"मंग हे हेड पोलवर असते, बाबाजी. बटन दाबलं का उतरते."

लहानूजींनी प्रिंटरचं झाकण उचलून आत बघितलं. "मंग असं सांगाव ना व आधी," ते म्हणाले. "वर मानूस हाय हे मले कोनं सांगतलं?"

रविवारी बैठक अभ्यासिकेतच भरली. किल्ली टेबलावर ठेवायला लावली. एका गटाचं म्हणणं प्रिंटर कायम चालू ठेवावा, दुसऱ्याचं म्हणणं कायम बंद ठेवावा, म्हणजे बिघडणारच नाही. विवेक सरांनी सुवर्णमध्य काढला: उपसमिती नेमावी. किल्ली जबाबदार माणसाकडे द्यावी, हे मात्र सर्वांना मान्य होतं.

"द्या," जागृती म्हणाली. "अंधारात उठून रोज उघडाले कोन येते?"

सगळ्यांनी छताकडे बघितलं. पंखा फिरत होता. सरांना अचानक शाळेचे पेपर तपासायचे असल्याचं आठवलं. अण्णाजींना थंडीत गुडघे धरतात, आणि थंडी यायला तर अजून सहा महिने होते.

तेवढ्यात बाहेरून वंदना संपल्याचं कानावर आलं. लहानूजी उठले. टेबलावरची किल्ली उचलून खिशात टाकली. ते प्रिंटरजवळ गेले, त्याचं बटन दाबलं आणि कान लावून उभे राहिले. आत खरखर झाली. हात मेन स्विचवर, नजर हिरव्या दिव्यावर. विवेक सर उपसमितीच्या अध्यक्षपदासाठी नाव सुचवत होते, बहुतेक स्वतःचंच.

दिवा विझला.

"उतरला," लहानूजी म्हणाले, आणि मेन स्विच खाली ओढला.

अंधारात पंखा हळूहळू थांबला. "अहो, ठराव लिहाचा हाय अजून," अण्णाजींचा आवाज आला.

"सकाळी येजा, अण्णाजी," लहानूजी दारातून म्हणाले. "उजाडाच्या आत उघडतो मी."