काळ्या जिभेचा कंपाउंडर

इराचे ओठ सुजून उलटे झाले होते आणि माझ्या मुलाच्या, संजयच्या हातात औषधाची कुपी फुटली होती. औषध बोटीच्या फळीवर सांडलं. त्याच्या बोटातून रक्त येत होतं. थायलंडच्या एका बेटावरून आम्ही परत निघालो होतो आणि किनारा अजून लांब होता. माझी सात वर्षांची नात मांडीवर शिट्टीसारखा श्वास घेत होती. सून मानसी नुसती "इरा, इरा" करत होती. दुसरी कुपी माझ्या कमरेच्या पिशवीत होती. मी ती काढली, तिची मान मोडली, औषध सुईत लाल रेघेपर्यंत ओढलं आणि पोरीच्या मांडीत, बाहेरच्या बाजूला, फ्रॉकवरूनच सुई खुपसली. मी चौथी शिकलेली बाई. हे मला कंपाउंडरनी शिकवलं होतं.

लालबागला आमच्या चाळीखाली डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथे या माणसाने चाळीस वर्षं पुड्या बांधल्या. त्यांना नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. तोंडावर कंपाउंडर म्हणत आणि पाठीमागे काळ्या जिभेचा. कुणी प्रवासाला निघालं की बायका हातावर दही-साखर ठेवत आणि हे जिन्यात उभे राहून विचारत, "तिकडे आजारी पडलात तर फोन कुणाला करायचा?" निघालेल्या माणसाला असं विचारतात का? पण ते विचारत. दारं त्यांच्या तोंडावर लागत.

तिसऱ्या मजल्यावरचे एक म्हातारे दुबईला मुलाकडे निघाले होते. कंपाउंडर म्हणाले, "हृदयाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, जवळ ठेवा." त्यांनी मोठ्या बॅगेतच टाकल्या. बॅग तीन दिवस आली नाही. म्हातारे पेटीतून परत आले. चाळीने दोष कंपाउंडरला दिला. ते बोलले म्हणून झालं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले होते.

इराला शेंगदाणा चालत नाही हे बालवाडीत कळलं. चिक्कीच्या एका तुकड्याने पोरगी निळी पडली होती. संजयने परदेशाची तिकिटं काढली तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली, सोबत इंग्रजीत पत्र दिलं. बाकीचं कंपाउंडरनी हाती घेतलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापावर त्यांनी प्रत्येक सुईला नेलपॉलिशने लाल रेघ मारली. दोन कुप्या दोन माणसांकडे दिल्या. "पिशवी हरवते, माणूसही हरवतं," म्हणाले.

मग पंधरा दिवस रोज संध्याकाळी ते मोसंबी घेऊन वर यायचे. पाण्याच्या कुप्या मोडायच्या, सुई भरायची, मोसंबीत टोचायची. संजय हसायचा. "काका, आम्ही फिरायला चाललोय, लढाईला नाही."

"लढाईला जाणारा निदान घाबरलेला तरी असतो रे," कंपाउंडर म्हणाले.

मी त्यांना विचारलं, मला म्हातारीला कशाला शिकवता? म्हणाले, "आई-बाप पोरीच्या तोंडाकडे बघत बसतात. तुम्ही नाही बसणार वहिनी. तुम्ही दगड आहात." माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी बोललं नव्हतं.

अजून एक गोष्ट ते रोज सांगत. "एका सुईने फसू नका. पोरगी हसेल, आइस्क्रीम मागेल. तरी दवाखान्यात न्यायची आणि तिथेच ठेवायची. ते जनावर दारातून जातं आणि खिडकीतून परत येतं."

घरचे डबे त्यांनी एकेक उघडून पाहिले. चिवडा परत, लाडू परत. "बाहेरच्या खाण्याला सगळे घाबरतात. घरच्याला कोण घाबरतं?" निघायच्या दिवशी गिरगावहून माझी जाऊ आली, लसणीच्या चटणीचा डबा घेऊन. "शेंगदाणे नाहीत हो वहिनी, मला काय माहीत नाही? बिनधास्त खाऊ दे." टॅक्सी खाली उभी होती. डबा मी पिशवीत टाकला.

तिकडे मानसी प्रत्येक हॉटेलात थाई भाषेत छापलेलं कार्ड दाखवायची, मगच पोरीला घास द्यायची. चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी बोटीवर जेवण वाटत होते. मी म्हटलं, हे नको, आपलं खा. ब्रेडला चटणी लावली आणि माझ्या हाताने भरवली.

सुईनंतर शिट्टी हळूहळू कमी झाली. किनाऱ्यावर उतरलो तर इरा नारळपाणी मागत होती. संजय म्हणाला, "आई, झाली ना बरी. हॉटेलवर नेऊ, झोपू दे तिला."

"दवाखाना."

"अगं पण..."

"गाडी थांबव म्हणते ना!"

दवाखान्यात तीन तासांनी ती खाटेवर बसून मासा काढत होती. पेन्सिल हातातून पडली. या वेळी शिट्टीसुद्धा नव्हती, श्वासच नव्हता. सहा-सात माणसं धावली. आम्हाला बाहेर काढलं. हॉटेलवर असतो तर तिथे धावायला आम्ही तिघंच होतो, आणि कुप्या संपल्या होत्या.

जावेला फोन केला. ती रडत म्हणाली, "शेंगदाणे कुठे घातले हो? नुसतं मूठभर कूट घातलं, दाटपणाला." आमच्याकडे कूट मिठासारखं पडतं, त्याला कुणी शेंगदाणा धरत नाही. पन्नास वर्षं मीही तशीच चटणी करते. तिला काय बोलणार? हात माझा होता.

लालबागला परतल्याबरोबर मी चाळीखालच्या दवाखान्याच्या पायरीवर गेले. कंपाउंडरनी सगळं ऐकून घेतलं आणि डबा मागितला. वास घेतला. मग खाली बसले. "मी शेंगदाणे आहेत का, एवढंच विचारत राहिलो वहिनी. कूट आहे का, हे नाही विचारलं. मीपण इथलाच."

त्यानंतर जिन्यात त्यांचा प्रश्न ऐकून आमचं दार कधी लागलं नाही. बाकीची लागत राहिली.

कंपाउंडर मागच्या वर्षी वारले. इरा वाचली. ती आता बारा वर्षांची आहे.