डीकनच्या घशात घातलेला उंदीर

आर्डिस टॉफ्टेने आयुष्यभर गावाला जेवू घातलं, आणि उपाशी मारण्याचा आळ आला तोही तिच्यावरच. एका सापाला उपाशी मारण्याचा. अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

मिनेसोटातल्या आमच्या या तळ्याकाठच्या गावात आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. माझी दोन्ही मुलं तिच्या हातचं खाऊन मोठी झाली. धाकट्याने ताट तसंच परत नेलं की बाकीच्या बाया डोळे वटारायच्या. आर्डिस म्हणायची, "राहू दे रे राजा. भूक लागली की ये, खिडकी उघडीच आहे." आणि तो जायचाही.

तिचा नवरा ऑरिन वारला तेव्हा त्याचा साप तिच्याकडे राहिला. बॉल पायथन, अजगराच्याच कुळातला, पण लहानखुरा, मनगटाएवढा जाड. चर्चमधल्या डीकनसारखा, म्हणजे पाद्र्याच्या मदतनिसासारखा, तासन्‌तास न हलता, समोरच्याचं काहीतरी चुकलंय असं बघत बसायचा, म्हणून ऑरिनने त्याचं नावच डीकन ठेवलं होतं. फ्रीजरमध्ये मटार आणि मासळीच्या मधल्या डब्यात गोठवलेले उंदीर असत. आर्डिस ते कोमट पाण्यात सैल करी आणि चिमट्याने त्याच्यापुढे धरी.

पानं गळायला लागली की डीकन खाणं सोडी. जोडीचा काळ आला की नरांचं असंच होतं, समोरचं अन्न त्यांना दिसत नाही. घरात मादी नाही, अख्ख्या गावात नाही, पण हे त्याच्या रक्ताला कोण सांगणार? हिवाळाभर तो काचेच्या पेटीत येरझारा घाली. ऑरिनने आर्डिसला सांगून ठेवलं होतं, "पाणी ठेव, ऊब ठेव, मधूनमधून वजन कर. वजन टिकून आहे तोवर त्याच्या वाटेला जाऊ नकोस." तशी ती त्याला काट्यावर ठेवी आणि वजन बघून निश्चिंत होई.

निश्चिंत नव्हती ती लव्हॉन, ऑरिनची बहीण.

"माझ्या भावाची एवढी एकच जिवंत आठवण उरलीय, आर्डिस, आणि तू तिला वाळवून मारते आहेस."

"अगं, तो प्रेमात पडलाय."

"कुणाच्या?"

"ते अजून त्यालाही कळलेलं नाही."

मी हसले. लव्हॉन हसली नाही.

कुणी जेवत नाही म्हटलं की आमच्या गावाला चैन पडत नाही. ऑरिन गेला त्या आठवड्यात आर्डिसच्या ओट्यावर नूडल्स-खिम्याच्या हॉटडिशची इतकी भांडी आली की कॉफी ठेवायला जागा उरली नाही. प्रत्येक भांड्याच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी, आणि रिकामं भांडं न्यायला आलेली प्रत्येक जण विचारणार, "सगळं खाल्लंस ना?" माझी एकादशी तर त्यांना अजून पचलेली नाही. लव्हॉन दर वेळी विचारते, "डॉक्टरांना सांगितलंयस का हे?"

फेब्रुवारीत आर्डिसचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी तिला गाडीने डुलूथच्या इस्पितळात घेऊन गेले. बर्फामुळे मुक्काम करावा लागणार होता, म्हणून घराची किल्ली लव्हॉनकडे दिली.

"फक्त पाणी बदल, लव्हॉन. बाकी कशाला हात लावू नकोस."

"मला काय एवढंही कळत नाही?"

दुसऱ्या दिवशी परत आलो, तर लव्हॉन गुडघे टेकून गालिचा घासत होती. शेजारी कागदावर ओला, चोळामोळा झालेला उंदीर. डीकन पेटीच्या कोपऱ्यात, जबडा पुरता मिटत नाही, ओठाला रक्त. आणि टेबलावर आर्डिससाठी गरम हॉटडिश.

"पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या माणसाला बोलावलं होतं," लव्हॉन म्हणाली. "त्याने जबडा उघडून आत ढकलला. एवढंसं काम! आणि या मेल्याने सगळं बाहेर टाकलं. उपकाराची जाण म्हणून नाही."

आर्डिसच्या एका डोळ्यावर पट्टी होती. दुसऱ्या डोळ्याने ती पेटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ते भांडं उचल आणि घरी जा."

"आर्डिस, मी ऑरिनसाठी..."

"ऑरिनने याला कधी बोटही लावलं नाही याच्या मर्जीविरुद्ध. जा."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोंड सोललंय, घसा सुजलाय, आता त्याला एकटं सोडा. जगेल की नाही, सांगता येत नाही. आर्डिसला वाकायची मनाई होती, म्हणून तिच्या डोळ्यात थेंब घालायला आणि डीकनचं पाणी बदलायला मीच जात होते. घरी दिवा लावताना त्याच्यासाठीही हात जोडत होते. माझ्या माहेरी नागपंचमीला नागाच्या तोंडात बळंच दूध ओतायचे, पुण्य म्हणून. पुण्य करायला निघालेल्या माणसांपुढे सापाचं काही चालत नाही, तिथेही आणि इथेही.

तो महिना वाईट गेला. वजन पहिल्यांदाच उतरायला लागलं. आर्डिस काट्यापाशी उभी राही आणि मला आकडा वाचायला लावी, डोळा बरा झाल्यावरसुद्धा.

तळ्यावरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात डीकन आपण होऊन पेटीच्या दारापाशी आला. आर्डिसने चिमटा पुढे केला. त्याने झेप घालून उंदीर ओढला आणि विळखा घातला. आर्डिस खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. चर्चच्या तळघरात वसंतातलं जेवण होतं. आम्ही वाढत होतो, आणि लव्हॉन रांगेत उभी राहून पाद्रीबाईंना सांगत होती, "माझ्यामुळे वाचला हो तो. त्या दिवशी मी घास भरवला ना, तेव्हाच त्याची भूक उघडली."

आर्डिसने डाव खाली ठेवला. "लव्हॉन, तू भरवलेला घास माझ्या गालिच्यावर आहे. डाग अजून गेलेला नाही. आणू गालिचा इथे?"

आर्डिसने हात पुढे केला.

"किल्ली दे."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"सांगतेयस ना सगळ्यांसमोर?"

लव्हॉनने पर्स उघडली. जुडग्यातून किल्ली निघता निघेना, नख मोडलं, पण निघाली. आर्डिसने ती ॲप्रनच्या खिशात टाकली, डाव उचलला आणि लव्हॉनच्या ताटात बटाटे वाढले. "पुरे की अजून?" तिने विचारलं.

"पुरे," लव्हॉन म्हणाली, आणि आर्डिसने आग्रह केला नाही.

ती किल्ली आता माझ्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला असते. पुन्हा पानं गळायला लागली आहेत आणि डीकनने खाणं सोडलंय. आर्डिस बाहेरगावी गेली की मी जाते, पाणी बदलते, आणि दार ओढून घेते.